मुंबईचा प्लेग आणि विज्ञानाचा खुलेपणा

आजच्या व्याख्यानाचा विषय असा आहे : एखादी साथ जगभर पसरते, तेव्हा त्या साथीबद्दलचं ज्ञानही तितक्याच वेगानं जगभर पसरतं का? पसरत असेल तर कुणामुळे, आणि अडत असेल तर कशापाशी? कोविडच्या काळात हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकला. पण तो पहिल्यांदा इतक्या ठळकपणे उभा राहिला तो सव्वाशे वर्षांपूर्वी, प्लेगच्या साथीत. त्या गोष्टीचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे, म्हणून मी तीच गोष्ट निवडली आहे.

‘खुलेपणा’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मी त्याचे तीन भाग करतो. एक, शास्त्रज्ञांनी एकमेकांशी खुलं असणं. दोन, सरकारांनी एकमेकांशी खुलं असणं, म्हणजे ‘आमच्याकडे साथ आली आहे’ हे वेळेवर सांगणं. आणि तीन, शास्त्रज्ञ आणि सरकार या दोघांनी लोकांशी खुलं असणं. प्लेगच्या इतिहासात हे तिन्ही भाग वेगवेगळ्या चालीनं चालले. कधी एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, आणि त्याची किंमत माणसांनी जिवानं दिली.

हाँगकाँगमधली गवताची झोपडी

सुरुवात १८९४ची, हाँगकाँगमध्ये. चीनच्या दक्षिण भागातून प्लेग तिथे पोचला. जंतुशास्त्र तेव्हा ऐन भरात होतं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख, पॅरिसमध्ये लुई पाश्चर अशी दोन मोठी घराणी होती. घराणी म्हणतो, कारण संगीतातल्या घराण्यांसारखाच तो मामला होता. गुरू वेगळा, पद्धत वेगळी, आणि एकमेकांविषयी अढी. शिवाय १८७०च्या युद्धानंतर फ्रेंच आणि जर्मन यांच्यात मुळातच वैर.

जूनमध्ये हाँगकाँगला जपानहून कितासातो आले. ते कॉख यांचे शिष्य. सोबत सहकारी, साहित्य, आणि ब्रिटिश डॉक्टर जेम्स लॉसन यांचं पूर्ण सहकार्य. दोन-तीन दिवसांनी अलेक्झांडर येर्सिन आले. ते पाश्चरच्या संस्थेतले, आणि आले एकटेच. रुग्णालयातली शवं तपासायची परवानगी त्यांना मिळेना, कारण ती कितासातोंसाठी राखलेली. येर्सिननी रुग्णालयाच्या आवारात गवताची एक झोपडी उभी केली आणि प्रेतं पुरायच्या कामावर असलेल्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवले. मग त्यांना मृतांच्या काखेतल्या-जांघेतल्या गाठींपर्यंत पोचता आलं, आणि त्या गाठींमध्ये त्यांना जंतू दिसला.

कितासातोंनी आपलं निवेदन आधी छापलं, पण त्यांच्या वर्णनात गोंधळ होता. त्यांच्या नमुन्यांत दुसरे जंतू मिसळले असावेत, असं पुढे बऱ्याच जणांचं मत झालं. येर्सिनचं वर्णन नेमकं होतं. म्हणून आज त्या जंतूचं नाव ‘येर्सिनिया पेस्टिस’ आहे. येर्सिननी आणखी एक गोष्ट नोंदवली : शहरात मेलेल्या उंदरांच्या शरीरातही हाच जंतू आहे.

म्हणजे बघा, पहिलाच धडा असा आहे की शवागाराचं दार एकासाठी उघडं आणि दुसऱ्यासाठी बंद होतं. तरी ज्ञान पुढे गेलं, कारण दोघांनीही आपापलं काम छापलं. छापल्यामुळेच चुकीचं काय आणि बरोबर काय, हे तिसऱ्याला पडताळता आलं. छपाई नसती तर फक्त दोन दावे उरले असते.

मांडवीतला ताप

आता मुंबईत येऊ. सप्टेंबर १८९६. मांडवी भागात, गोदीजवळच्या दाट वस्तीत लोक तापानं आणि गाठींनी मरत होते. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याच्या हडफडे गावचे, मुंबईत वैद्यकी करणारे आणि महापालिकेचे सदस्य. २३ सप्टेंबरला त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा प्लेग आहे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात.

आज आपल्याला वाटतं, डॉक्टरनी निदान केलं, त्यात काय विशेष? पण मुंबई हे बंदर होतं. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारला की युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना दार लावणार, कापूस अडणार, चामडं अडणार, व्यापार बसणार. त्यामुळे ‘गाठीचा ताप’ हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता. मराठी वर्तमानपत्रांत ‘ग्रंथिक सन्निपात’ असा भारदस्त शब्दही आला. व्हिएगस यांनी सोयीचा शब्द सोडून खरा शब्द वापरला. सरकारांमधल्या खुलेपणाची सुरुवात अशा एका डॉक्टरच्या तोंडून होते. त्यानं गप्प बसायचं ठरवलं, तर वरचं सगळं यंत्र आंधळं राहतं.

निदान पडताळायला सरकारनं कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं. हा माणूस म्हणजे चालतं-बोलतं आंतरराष्ट्रीय सहकार्य. जन्म १८६०चा, ओडेसाचा. जातीनं ज्यू, शिक्षण मेचनिकॉफ यांच्या हाताखाली, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, आणि १८९३पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरणारा. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर तीन महिन्यांत त्यांनी मेलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. टोचलेले आणि न टोचलेले अशी तुलना केली गेली. पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्यांनी याच पद्धतीनं, एकेका घरातल्या काहींना टोचून आणि काहींना न टोचता, तुलना केली.

सगळं जग मुंबईत

१८९७च्या वसंतात मुंबईत जे झालं, ते वैद्यकाच्या इतिहासात विरळा आहे. फेब्रुवारीत व्हिएन्नाहून ऑस्ट्रियन मंडळ आलं : म्युलर, अल्ब्रेख्त, गोन, प्योख. मार्चमध्ये जर्मन मंडळ आलं. त्यात गाफ्की, फायफर होते, आणि पुढे आफ्रिकेतून स्वतः कॉख येऊन मिळाले. रशियातून विसोकोविच आणि झाबोलोत्नी आले. इजिप्तहून डॉक्टर आले. फ्रान्सकडून येर्सिन आपलं सीरम घेऊन आले. पुढे इटलीतून लुस्टिग आले. एका शहरात, एका साथीवर, इतक्या देशांचे लोक काम करत होते.

हे सगळे इथे का आले? परोपकार हे एक कारण होतं, पण एकमेव नाही. मुंबई ते मार्सेय किंवा ट्रिएस्त हे जहाजानं तीन आठवड्यांच्या आतलं अंतर होतं. प्रत्येक देशाला भीती होती की हे उद्या आपल्या दारात येईल. त्याच वेळी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली होती. मार्च १८९७मध्ये तिथे करार झाला. आपल्या प्रदेशात प्लेग दिसला तर दुसऱ्या देशांना कळवायचं, ही जबाबदारी सरकारांनी मान्य केली. बदल्यात जहाजं किती दिवस अडवायची, कुठला माल घ्यायचा, याचे नियम ठरले. ‘तुम्ही खरं सांगा, आम्ही तुम्हाला अवास्तव शिक्षा करणार नाही,’ असा तो सौदा होता. हा सौदा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

या परदेशी मंडळांना मुंबईत काम करता आलं ते इथल्या डॉक्टरांमुळे. आर्थर रोड रुग्णालयाचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी हे त्यांतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखालून प्लेगचे हजारो रोगी गेले. लुस्टिगच्या सीरमची चाचणी त्यांनी एकाआड एक रोग्याला सीरम देऊन घेतली, म्हणजे निवड डॉक्टरच्या मर्जीवर राहू नये. औषधाची चाचणी प्रामाणिक कशी करावी, याचा हा जगातल्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक आहे, आणि तो लालबाग-परळच्या शेजारी घडला. परदेशी अहवालांच्या मुखपृष्ठावर मात्र युरोपीय नावं असायची.

या देवाणघेवाणीला धोकाही होता. ऑस्ट्रियन मंडळानं मुंबईतून जंतूंचे नमुने व्हिएन्नाला नेले. ऑक्टोबर १८९८मध्ये तिथल्या प्रयोगशाळेतला मदतनीस फ्रान्झ बारिश याला संसर्ग झाला आणि तो वारला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर वारले. शुश्रूषा करणारी परिचारिकाही वारली. मुंबईच्या साथीतून सुखरूप परतलेला माणूस व्हिएन्नात प्लेगनं गेला. नमुने वाटून घेणं म्हणजे धोकाही वाटून घेणं असतं. प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेची चर्चा या प्रसंगानं युरोपभर पेटली.

कराचीतला प्रयोग आणि वाया गेलेली वर्षं

आता या व्याख्यानाच्या मध्यावर येऊ. येर्सिनच्या सीरमचा मुंबईत फारसा गुण आला नाही. ते परत गेले आणि त्यांच्या जागी पॉल-लुई सिमाँ आले. प्लेग माणसापर्यंत पोचतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता. जंतू कुठला ते कळलं होतं, पण वाट कळली नव्हती. हवेतून, जमिनीतून, धान्यातून, घाणीतून, असं ज्याला जे सुचेल ते तो म्हणत होता. आणि त्या समजुतीवर घरं धुतली जात होती, छपरं उघडली जात होती, सामान जाळलं जात होतं.

सिमाँना काही रोग्यांच्या अंगावर बारीक फोड दिसले, आणि ते पिसू चावल्याच्या जागा असाव्यात असं वाटलं. २ जून १८९८ला कराचीत, हॉटेलातल्या आपल्या खोलीत, त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. तो मरायला आल्यावर दुसरा निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच भांड्यात सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पिसू मात्र जाळीतून जाऊ शकते. काही दिवसांत दुसरा उंदीर प्लेगनं मेला. पिसवा नसलेला रोगी उंदीर ठेवला, तेव्हा शेजारचा उंदीर जगला.

सिमाँनी हे त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापलं. त्याआधी फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, जपानचे ओगाता यांनीही उंदरांवरच्या पिसवांत प्लेगचा जंतू असतो असं दाखवून जर्मन नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणजे दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या भाषांत, एकच गोष्ट जाहीर सांगितली होती. यापेक्षा जास्त खुलेपणा तो काय असणार?

तरीही उपयोग झाला नाही. इंग्रज सरकारनं नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशननं सिमाँचं म्हणणं बाजूला सारलं. युरोपातल्या इतर काहींनी आक्षेप घेतला की उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. आणि गंमत अशी, की त्यांच्या दृष्टीनं ते खोटं बोलत नव्हते. युरोपात उंदरांवर सर्रास आढळणाऱ्या पिसवा माणसाला क्वचितच चावतात. मुंबई-कराचीतली पिसू वेगळ्या जातीची होती, आणि ती जात तेव्हा कुणी वेगळी ओळखलेलीच नव्हती.

हा तिढा सुटला कसा? एकट्या-दुकट्यानं नाही. मार्सेयमध्ये गोतिए आणि रेबो यांनी सिमाँचा प्रयोग पुन्हा करून तोच निष्कर्ष काढला. ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या साथीत, अॅशबर्टन थॉम्पसन यांनी उंदीर आणि पिसू यांची बाजू मांडली. १९०३मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी सुदानमध्ये गोळा केलेल्या पिसवांतून एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला इजिप्तच्या राजाच्या नावावरून ‘किऑपिस’ म्हटलं. मग मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. उंदीर मेले की भुकेल्या पिसवा गिनीपिगवर गोळा व्हायच्या. त्या मोजल्या, ओळखल्या, तर बहुतेक याच जातीच्या. लिस्टन यांनी १९०५मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे छापलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांच्या सल्ल्यानं नवं संशोधन मंडळ परळच्या प्रयोगशाळेत कामाला लागलं. पिसू पोचू शकते ते प्राणी मरतात, जाळीनं किंवा अंतरानं पिसवांपासून वाचवलेले प्राणी जगतात, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आणि १९०६पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये तपशीलवार छापलं.

१८९८ ते १९०६. आठ वर्षं. या आठ वर्षांत प्लेग मुंबईतून पंजाबपर्यंत पसरला. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसं प्लेगनं मेली. सिमाँचं ऐकलं असतं तर सगळे वाचले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पिसू मारायचं प्रभावी औषध तेव्हा नव्हतंच. पण घरं जाळण्याऐवजी उंदीर आणि धान्याची कोठारं यांच्याकडे लक्ष गेलं असतं, एवढं नक्की. इथून घ्यायचा धडा असा : छापणं म्हणजे खुलेपणाची अर्धीच बाजू. दुसरी बाजू ऐकण्याची. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या, आपल्या पंथात न बसणाऱ्या माणसाचं म्हणणं तपासून पाहायची तयारी नसेल, तर ग्रंथालय भरलेलं राहतं आणि साथ चालू राहते.

‘उंदीर पडला’

आणि अजून एका कुणाचं ऐकायचं राहिलं होतं. लोकांचं. आपल्याकडे खेडोपाडी ‘उंदीर पडला’ असं म्हणत. घरात उंदीर पडला की माणसं घर सोडायची, माळावर, शेतात झोपड्या घालून राहायची. पिसू त्यांना ठाऊक नव्हती, पण उंदीर आणि रोग यांचं नातं त्यांनी पाहिलं होतं, आणि घर सोडणं हा त्यावरचा खरोखर चालणारा उपाय होता. पुढे सरकारनंही गाव मोकळं करण्याचा उपाय उचलला.

पण १८९७मध्ये संवादाची भाषा वेगळी होती. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरू लागले. माजघर, देवघर, बायकांची अंगं, कशालाच आडपडदा उरला नाही. रोगी उचलून नेला, तर तो कुठे आहे, कसा आहे, घरच्यांना कळायचं नाही. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत ऑक्टोबर १८९६मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात माणसं मारून त्यांची ‘मोमियाई’ काढतात, ही अफवा घरोघर होती. आपण या अफवेला हसतो. पण जिथे माहिती दिली जात नाही तिथे अफवा उगवते, यात नवल काय? परदेशी पाहुण्यांना शवविच्छेदनाची मेजं दाखवली जात होती, आणि मुलाला त्याची आई कुठल्या खाटेवर आहे हे सांगितलं जात नव्हतं.

उलट उदाहरणंही आहेत. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना काढला. सावित्रीबाई तिथे सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ला गेल्या. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय उभं करायला हातभार लावला. मुंबईत आगाखानांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला ‘खुश्रू लॉज’ दिला आणि स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं. त्यानंतर हजारो खोजांनी टोचून घेतलं. सक्तीनं जे झालं नसतं ते विश्वासानं झालं.

हा विश्वास किती नाजूक असतो, तेही सांगतो. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. चौकशी बसली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना काम सोडावं लागलं. पण बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हा पुरावा बराच काळ सर्वांसमोर आला नाही. कागदपत्रं प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली. त्यांच्यावरचा ठपका निघाला, पण पाच वर्षं गेली ती गेली. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५मध्ये.

मुकदेन, आणि आजचं आपलं

या कथेचा एक पुढचा मुक्काम आहे. १९१०-११च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. सुमारे ६० हजार माणसं गेली. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी सांगितलं की हा श्वासातून पसरतो, तोंडावर कापूस आणि गॉजची पट्टी बांधा. फ्रेंच डॉक्टर मेनी यांनी ते मानलं नाही आणि काही दिवसांतच ते वारले. एप्रिल १९११मध्ये मुकदेनला ११ देशांची परिषद भरली, वू अध्यक्ष होते. तिथे कितासातो आले, रशियाचे झाबोलोत्नी आले. हाँगकाँगमध्ये आणि मुंबईत काम केलेली माणसं एका टेबलाशी बसली. रशिया आणि जपान दोघांचाही मांचुरियावर डोळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी परिषदेचं कामकाज छापलं गेलं आणि सगळ्या जगाला वाचता आलं.

यातून मला दिसतं ते असं. सहकार्य करायला आधी मैत्री लागत नाही. स्पर्धा, संशय, राजकारण हे सगळं असतानाही सहकार्य होतं, पण त्याला नियम लागतो : छापा, नमुने द्या, दुसऱ्याला पडताळू द्या, आणि खरं सांगणाऱ्याला शिक्षा करू नका.

जानेवारी २०२०मध्ये चीनच्या झांग योंगझेन यांच्या गटानं तयार केलेला कोरोना विषाणूचा जनुकक्रम, सिडनीच्या एडवर्ड होम्स यांनी त्यांच्या संमतीनं सर्वांसाठी खुला केला. त्यावरून जगभर लशींचं काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा ‘सुधारणेसाठी’ बंद करण्यात आली. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची खबर तत्परतेनं दिली, आणि बक्षीस म्हणून अनेक देशांनी त्यांची विमानं बंद केली. व्हेनिसचा सौदा पुन्हा मोडला. मांडवीत ‘प्लेग’ हा शब्द उच्चारताना व्हिएगस यांना जे धैर्य लागलं, तेच आजही लागतं. फक्त बंदराच्या जागी विमानतळ आला.

पुढची साथ येईल तेव्हा जंतू शोधायला कदाचित काही दिवसच लागतील. यंत्रं तेवढी चांगली झाली आहेत. पण पहिला शब्द उच्चारणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी कोण उभं राहणार, परक्याचं ऐकणार कोण, आणि लोकांना वेळेवर सांगणार कोण, हे यंत्र ठरवणार नाही. ते आपण ठरवायचं आहे, आणि साथ नसतानाच ठरवायचं आहे.